चौथं कांबळं

माझ्या दोषवहीला सहा रकाने आहेत: प्लेटचा क्रमांक, कुठला डोळा, जागा, दोष, उपाय आणि सही. वही कागदाची आहे. माझा भाचा सौमित्र हा या कामातला माझा भागीदार. तो तिला चित्रगुप्ताची वही म्हणतो आणि ती संगणकावर का नाही, असं वर्षातून दोनदा विचारतो. २०३७ साल उजाडलं तरी माझं उत्तर बदललेलं नाही. कागदावरची खाडाखोड दिसते, म्हणून.

आम्ही जुन्या युद्धांतली जोडचित्रं दुरुस्त करतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काचेच्या एकाच पट्टीवर, म्हणजे प्लेटवर, शेजारी शेजारी दोन चित्रं घेत, एक डाव्या डोळ्याचं, एक उजव्याचं. दुर्बिणीसारख्या खोक्यातून पाहिलं की दोन्ही मिळून एक होत आणि त्यात खोली येई. आता खोक्याच्या जागी चष्मा आला. तो चढवला की माणूस खंदकात उभा राहतो.

वहीच्या मागच्या पानांवर मी माणसांचाही हिशेब ठेवते. चष्मा लावणाऱ्या शंभरांपैकी एकसष्ट जण हात पुढे करून काहीतरी चाचपतात. चौदा जण वळून मागे पाहतात. नऊ जण म्हणतात, दारूगोळ्याचा वास आला. चष्म्याला वास नाही. आजोबांचं पोट जरा आत घ्या, अशी विनंती आजवर चौघांनी केली. चौघांचीही पोटं आजोबांवर गेलेली होती. एका बाईंनी मृतांच्या रांगेजवळ जाताना चपला काढल्या. त्यांच्यासाठी वेगळा रकाना करावा असं मनात होतं, पण या फेब्रुवारीपर्यंत तशा दुसऱ्या कुणी आल्या नव्हत्या.

यातलं शास्त्र अवघड नाही. नाकासमोर बोट धरा आणि एकेक डोळा आलटूनपालटून मिटा. बोट उडी मारतं, मागची भिंत हलत नाही. दोन डोळ्यांत साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे जवळची वस्तू दोघांना वेगवेगळ्या जागी दिसते, आणि त्या फरकावरून मेंदू अंतर मोजतो. जोडचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याला म्हणून दोन भिंगं असत. पण पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, आपल्याकडच्या एका पलटणीबरोबर जो गोरा डॉक्टर गेला होता, त्याच्याकडचा कॅमेरा एकाच भिंगाचा होता, आडव्या लाकडी पट्टीवर सरकणारा. आधी डावं चित्र घ्यायचं, कॅमेरा सरकवायचा, काचेचा दुसरा अर्धा भाग उघडायचा, मग उजवं. या खटाटोपाला चार सेकंद लागत.

चार सेकंदांत घोडा शेपूट हलवतो. धूर पुढे जातो. मग दोन डोळे दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागतात, मेंदूला त्यांचा मेळ घालता येत नाही आणि पाहणाऱ्याचं डोकं चढतं. यावर आमच्या धंद्यात एक ठरलेली तोड होती. चित्रासमोर बसून डोळ्यांची उघडझाप करायची. कॅमेरा सरकल्यामुळे जे उडी मारतं ते ठेवायचं. जे भलतीच उडी मारतं, तो दोष. डाव्या चित्रातला तेवढा तुकडा उचलून उजव्यात बसवायचा आणि वहीत लिहायचं: 'डाव्यावरून भरले.' मी हे अकरा वर्षांहून जास्त केलं आणि चाळीस जणांना शिकवलं. माझं भरलेलं ओळखू येत नाही, असा लौकिक आहे.

दोन वर्षांपूर्वी 'मध्यंतर' नावाचं यंत्र आलं आणि त्यानं ही तोड उलटी केली. ते दगड, तंबूचे खुंटे, गाडीची चाकं अशा अचल वस्तूंवरून कॅमेरा नेमका किती सरकला ते काढतं आणि तेवढा फरक दोन्ही चित्रांतून वजा करतं. उरतो तो काळाचा फरक. शरीरं, कापड, गवत कसं हलतं हे त्याला ठाऊक असतं, त्यावरून ते मधले चार सेकंद भरून काढतं. पूर्वी थिजलेला घोडा दिसे, आता तो शेपूट हलवतो. सौमित्रनं लगेच पत्रक छापलं, 'आपल्या पूर्वजांसोबत चार सेकंद.' दारात रांग लागली.

पत्रकात नसलेली एक गोष्ट आम्हाला हळूहळू कळली. जिवंत माणसाला स्थिर राहता येत नाही. उभा असेल तर चार सेकंदांत दोन-चार मिलिमीटर डुलतो, निजला असेल तर छाती वर-खाली होते. काचेवरचं चित्र इतकं बारीक असतं की यंत्र हेही मोजतं आणि प्रत्येक शरीराच्या डोक्यावर आकडा लिहितं. मेलेल्याचा आकडा शून्य.

*

भाडोलीचे ऑनररी कॅप्टन ज्ञानदेव फडतरे फेब्रुवारीत आले. वय सत्त्याऐंशी, कोटाला कडक इस्त्री, पदकं प्लास्टिकच्या डबीत. बरोबर सून सुरेखा. ती गावची सरपंच होती आणि आल्या आल्या तिनं आमच्या भिंतीवरच्या पडद्याची रुंदी पावलांनी मोजून घेतली.

"गावात स्मृतिदालन बांधलंय," ती म्हणाली. "पहिल्या महायुद्धात आमच्यातनं एकसष्ट जण गेले. पलीकडच्या गावातनं अठ्ठावन्न, पण दालन आधी त्यांचं झालं."

"अकरा परत आले नाहीत," कॅप्टन म्हणाले.

"हां, अकरा. त्यातले एक आमच्या घरातले. आबांचे आजोबा."

सखोजी फडतरे, वय चोवीस. त्यांचा फोटो घरात नाही, कुठेच नाही. मुलगा, म्हणजे कॅप्टनांचे वडील, ते गेल्यावर जन्मला. एक पत्र तेवढं होतं, त्याच डॉक्टरच्या सहीचं: छातीत गोळी लागून तत्क्षणी मृत्यू, यातना झाल्या नाहीत. डॉक्टरनं एका सकाळी सात मृतांची रांग टिपली होती. अंगावर छातीपर्यंत कांबळी, ओळख पटावी म्हणून चेहरे उघडे, काचेच्या काठावर शाईनं नावं. प्लेट एकतीस, चौथं नाव सखोजींचं. अकरा वर्षांपूर्वी एका संग्रहासाठी ती प्लेट मीच दुरुस्त केली होती. त्या संग्रहाच्या यादीत नाव सापडल्यावर माग काढत ही मंडळी माझ्यापर्यंत पोचली होती.

"दालनात मधोमध ठेवायचंय," सुरेखा म्हणाली. "माणूस चष्मा लावणार आणि थेट रांगेसमोर उभा राहणार. आजोबांचे चार सेकंद."

"मेलेल्या माणसांचे चार सेकंद," कॅप्टन म्हणाले. "तेवढ्यात काय करणारेत ते?"

"आबा, तंबू हलेल, धूर हलेल. वातावरण असतं ते."

ते हसले. "मला वातावरण नको. चेहरा बघायचाय. माझा उजवा डोळा काचबिंदूनं गेला, बाई. मला तुमचा चष्मा लावणं म्हणजे बहिऱ्याला भजनाला बसवणं. साधा मोठा फोटो दाखवा."

"चेहरा चांगला आहे," मी म्हणाले. "शांत आहे."

"शांतच असणार."

निघताना सुरेखा गाडी काढायला पुढे गेली. ते दारात थांबले आणि त्यांनी एक विचित्र प्रश्न विचारला.

"फोटोत ऊन आहे का ओ?"

"सकाळ आहे. सावल्या लांब आहेत. चिखल दिसतो."

"महिना?"

"काठावर जानेवारी लिहिलंय."

"म्हणजे थंडी," ते म्हणाले. काठी टेकत ते पायऱ्या उतरले, आणि मी मागच्या पानावर नोंद केली: हवामान विचारणारा पहिलाच.

*

दुरुस्त केलेल्या प्रतीवर मध्यंतर चालत नाही. दोन्ही बाजू सारख्या करून ठेवलेल्या असतात, त्यात त्याला काळ सापडत नाही. त्याला कच्चा स्कॅन लागतो. आमच्याकडे नियम असा, की काम पसंत पडल्यावर वर्षभरानं कच्चे स्कॅन पुसायचे. जागा किती अडवायची. काचा डॉक्टरच्या वारसांकडे परत गेल्या होत्या आणि तीन वर्षांनी त्यांच्या तळघरात पुराचं पाणी शिरलं. पण प्लेट एकतीसचा पहिला स्कॅन वाकडा आला होता म्हणून मी दुसरा घेतला होता. तो वाकडा टाकाऊ कप्प्यात पडून होता. माझ्या गबाळेपणानं तो वाचवला.

सौमित्रनं यंत्र लावलं. पडद्यावर सात शरीरं आणि सात आकडे. शून्य, शून्य, शून्य. तीन पूर्णांक एक. शून्य, शून्य, शून्य.

"वारा," मी म्हणाले.

"वारा नाहीये, मावशी." तो पडद्याला नाक लावून पाहत होता. "तंबूची दोरी बघ, गवत बघ. धूर सरळ वर चाललाय. आणि वाऱ्यानं कांबळ्याचा काठ हलतो. हे मधोमध वर आलंय, छातीवर. दोन्ही बाजूंना सारखं." त्याचा आवाज चढत होता. "काय पकडलंय यार यानं. हा तर..." चाळिशीच्या माणसाचा चेहरा इतक्या थोड्या वेळात एवढा उतरलेला मी पाहिला नव्हता.

यंत्राच्या मते खात्री चौऱ्याण्णव टक्के. उरलेले सहा टक्के ज्याला लागतील त्यानं घ्यावेत.

मी प्लेट बत्तीस काढली. तिची दुरुस्त प्रत तेवढी होती, पण मला तिच्यातली सावलीच हवी होती. जागा तीच, तंबू तोच. रांगेच्या जागी लांबट बुजवलेला चर आणि बाजूला टेकवलेली फावडी. तिकडे सरणाला लाकूड मिळत नसे, म्हणून आपली माणसंही पुरत. तंबूच्या खांबाची सावली एकतीस आणि बत्तीस, दोन्ही प्लेटांवर स्पष्ट होती. मोजली, आकडेमोड केली. दोन प्लेटांमध्ये पन्नास मिनिटांचं अंतर होतं.

मग मी कपाटातून २०२६ ची दोषवही काढली. पान शोधावं लागलं नाही, कारण हे काम मला आठवत होतं. छान जमलं होतं ते.

'प्लेट ३१. उजवा डोळा. चौथे कांबळे, मध्यभाग. ओल धरल्याने थर सरकला. डाव्यावरून भरले. वै. पा.'

वैजयंती पाटकी. सही माझीच.

सौमित्रनं वाचलं. "पद्धतच तशी होती गं. तुझी चूक नाही."

"पद्धत शिकवत कोण होतं?"

"पण तुला कसं कळणार?"

ते मला अगदी नीट कळलं होतं. मी डावा डोळा मिटला होता, मग उजवा, मग पुन्हा डावा. छाती उतरली होती, चढली होती. दोन्ही डोळे उघडे ठेवले की तो तुकडा ताटलीसारखा तरंगताना दिसायचा आणि कपाळ दुखायचं. मेलेला माणूस हलत नाही, तेव्हा हलते आहे ती काच, तिच्यावरचा रसायनाचा थर. या तर्कात मला तेव्हा एकही भोक दिसलं नव्हतं. पुढचे दोन दिवस मी ती छाती बसवत होते.

*

बाहेरच्या देशांत हे आमच्याआधी सुरू झालं होतं, आणि मोठमोठ्या संस्थांनी आपापल्या स्वभावाप्रमाणे मार्ग काढले होते. एकीनं आपला संग्रह देखभालीसाठी बंद केला, तो अजून उघडलेला नाही. दुसरीनं प्रत्येक चित्राखाली ओळ टाकली की हालचाल अंदाजे आहे. तिसरीनं धीर करून आकडा छापला: रांगेत ठेवलेल्या दर शंभरांत तीन जिवंत. तिथल्या मंत्र्यांनी 'रांगेत ठेवलेल्या' याची व्याख्या मागवली.

तीन हा आकडाही अपुरा आहे. माणूस साधारण चार-पाच सेकंदांत एक श्वास पुरा करतो. दोन्ही चित्रं श्वासाच्या एकाच टप्प्यावर पडली, तर जिवंत माणसाचाही आकडा शून्यच येतो. शून्याचा अर्थ एवढाच, की यंत्राला तो सापडला नाही. ही ओळ कुठल्याच संस्थेनं छापलेली नाही.

पुढचे चार दिवस मी वह्या चाळल्या. 'ओल', 'थर सरकला', 'उजवीकडे फुगवटा', आणि जागा म्हणून आडव्या माणसाचं अंग. सगळ्या संग्रहांतून, सगळ्या युद्धांतून, अशा दोनशे चौदा नोंदी निघाल्या. सगळ्यांवर उपाय एकच, सही एकच. त्यांपैकी कच्चे स्कॅन उरलेल्या नऊ. एक प्लेट एकतीस. बाकीच्या आठ मी यंत्रावर चढवलेल्या नाहीत. सौमित्र रोज विचारायचा, मग विचारायचा थांबला. त्यानं पत्रकं दारातून आत आणून ठेवली.

"फडतऱ्यांना काय सांगायचं?" एकदा त्यानं विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, यंत्र बिघडलंय म्हणावं."

"आणि?"

"आणि खरंच बिघडवावं."

*

ते गुरुवारी सकाळी आले. कॅप्टनांनी सुनेला सौमित्रबरोबर पलीकडच्या खोलीत चष्मे बघायला पाठवलं आणि माझ्यासमोर बसले.

"चेहरा फार छान आलाय," मी सुरुवात केली.

"पस्तीस वर्षं पलटणीत काढली, बाई. चांगली बातमी माणूस उभ्या उभ्या सांगतो. तुम्ही आधी खुर्ची ओढून घेतलीत."

मी वही जवळ ओढली.

"मी सांगतो मग," ते म्हणाले. "माझ्या आजीनं कुंकू पुसलं न्हाई. प्रेत आलं नाही म्हणून आमच्याकडं तेव्हा दोघी-तिघी तशा राहिल्या होत्या, पण दोन-चार वर्षांत पुसलं त्यांनी. हिनं न्हाई. सरकारचं पेन्शन घ्यायची विधवेचं, आणि कपाळावर हे एवढं. गाव हसायचं. हळदीकुंकवाला बोलवायची नाहीत, हाकलायचीही नाहीत. एकाहत्तर साली मी लढाईवर असताना गेली, तेव्हाही कुंकू होतंच."

"का पण?"

"त्यांच्या पलटणीतला एक जण परत आला होता. दारू पिऊन एकदा ओट्यावर बसला आणि तिला म्हणाला, वैनी, आम्ही उचलून ठेवला तेव्हा अंग गरम होतं. झालं. शुद्धीवर आल्यावर गावानं त्याच्याकडनं कबूल करून घेतलं, की तिकडं वाळवंट, उन्हात सगळंच गरम असतं. माझ्या वडलांनाही तेच सांगितलं, मलाही तेच. उन्हानं गरम." ते थांबले. "परवा तुम्ही जानेवारी म्हणालात."

दारातला त्यांचा प्रश्न मला तेव्हा उमगला. हा माणूस चेहरा बघायला आलाच नव्हता.

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. एका डोळ्याच्या माणसाला खोली दिसत नाही, पण दोन चित्रं एकाच जागी आलटूनपालटून दाखवली तर हालचाल दिसते. मी सखोजींचा चेहरा आणि छाती एवढाच भाग मोठा केला. गालावर चिखल, मिशी कोवळी, ओठ जरासे उघडे. चौथं कांबळं वर झालं. खाली झालं. वर झालं.

कॅप्टन पडद्याकडे झुकले. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की त्यांची छाती कांबळ्याबरोबर हलते आहे. मी मोजत होते, ही माझी सवय, एक्केचाळीस वेळा.

"पुढचा फोटो कधीचा?"

त्यांना पुढचा फोटो ठाऊक होता. यादीत त्याचंही वर्णन होतं.

"पन्नास मिनिटांनंतरचा."

"पन्नास." त्यांनी मान हलवली. "म्हणजे पन्नास मिनिटं तिचं कुंकू खरं होतं." मग विचारलं, "हे दिसायला यंत्र लागतं?"

"नाही. मूळ चित्र हातात असेल तर एकेक डोळा मिटूनही दिसतं."

"मग त्या डॉक्टरला दिसलं असतं. कुणालाही दिसलं असतं."

"ते खोकं दोन्ही डोळे उघडे ठेवून बघण्यासाठीच असतं. कुणी मिटत नाही."

"तुम्ही?"

मी वही त्यांच्यापुढे सरकवली आणि ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी भिंग काढून सावकाश वाचलं, सहीसकट. मला वाटलं होतं ते ओरडतील, किंवा उठून जातील. मी दोन्हीची तयारी केली होती.

"एकाहत्तरला मी एकवीस वर्षांचा होतो," ते म्हणाले. "पश्चिमेच्या सरहद्दीवर, डिसेंबर. पहाटे हल्ला झाला, सकाळी मला रांगेवर लावलं. वीस जण होते. पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी बांधायची आणि रजिस्टरला नंबर टाकायचा. माझ्याकडं दाढीचा आरसा होता. मी आपला प्रत्येकाच्या नाकासमोर धरायला लागलो, कुणी सांगितलं नव्हतं. थंडी अशी, की माझ्याच श्वासानं काच धुरकटायची. पुसायची, श्वास कोंडायचा, पुन्हा धरायची. वेळ लागायला लागला. ट्रक उभा होता, मेजरसाहेब हाका मारत होते. अकरा जणांना लावला."

"आणि नऊ?"

"नऊ जणांना चिठ्ठी बांधली."

पलीकडच्या खोलीतून सुरेखाचा आवाज येत होता. दालनात एका वेळी किती जणांना बसवता येईल, हे ती सौमित्रला विचारत होती.

"तुमची वही बरी आहे," कॅप्टन म्हणाले. "सही तरी आहे. आमच्या रजिस्टरला सही मेजरसाहेबांची." त्यांनी भिंग खिशात ठेवलं. "दालनात ते चार सेकंद नकोत, जुनी प्रत लावा. तुम्ही नीट केलेली."

"ते खोटं आहे, कॅप्टनसाहेब."

"आहेच."

"तुम्हीच विचारायला आलात. तुमच्या आजीचं खरं होतं, हे गावाला कळू दे तरी. इतकी वर्षं हसले ते."

"हसले ते मेले सगळे. आता जे आहेत, त्यांची पोरं वर आहेत, बर्फात. हिचा धाकटा आहे." त्यांनी पलीकडच्या खोलीकडे हनुवटी केली. "रोज संध्याकाळी फोन येईस्तोवर जेवत न्हाई. सरपंच आहे म्हणून कुणाला सांगत नाही. आमच्या गावातनं दर साली दहा-बारा पोरं जातात. दालन बघून जाणार, त्यांच्या आया त्याच दारानं आत येणार. त्यातल्या एकीनं विचारलं, की आमच्या पोराच्या नाकाला आरसा कोण लावणार, तर मी काय सांगू? पहिल्या अकरांत ये म्हणून सांगू?"

"विचारायलाच हवं त्यांनी."

"हवं," ते म्हणाले. "माझ्यात धीर न्हाई. तुमच्यात आहे? त्या वहीत अशा किती आहेत?"

"दोनशे चौदा."

"मग सांगितलं का कुणाला?"

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी आवाजही चढवला नव्हता.

वाकडा स्कॅन मी पुन्हा उघडला. दालनाच्या पडद्याला जुनी प्रत लहान पडत होती, त्यामुळे काम परत करावंच लागणार होतं. हल्ली दोन दिवस लागत नाहीत. मी आवाज दिला तेव्हा सौमित्र दारात आला, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि परत गेला. डाव्या चित्रातली छाती उचलली, उजव्यात बसवली, कडा मिळवल्या. सात मिनिटं. कॅप्टन शेजारी बसून पाहत होते. पूर्ण झाल्यावर त्यांच्यासाठी मी एकदा दोन्ही चित्रं आलटूनपालटून दाखवली. काही हललं नाही.

वाकडा स्कॅन पुसायला ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. तो टाकाऊ कप्प्यात गेला, इतकी वर्षं होता तिथेच.

मी या वर्षाची वही ओढली. प्लेट ३१. उजवा डोळा. चौथे कांबळे, मध्यभाग. दोषाच्या रकान्याशी पेन थांबलं.

"गेल्या खेपेला काय लिहिलं होतंत?"

"ओल."

"मग ओलच लिहा," ते म्हणाले.

मी ओल लिहिलं. डाव्यावरून भरले. सही केली. कपाटातल्या सहीशी ती तंतोतंत जुळेल, माझं अक्षर बदललेलं नाही.

सुरेखा चष्मा हातात घेऊनच आली. "झालं का? दाखवा की." तिनं तो चढवला आणि मी नवी प्रत लावली. खोलीच्या मधोमध उभी राहून ती खाली पाहू लागली, जिथे तिच्यापुरती ती रांग होती. काही वेळ ती हललीच नाही. मग एकेक पाय मागे घेत तिनं चपला काढल्या, पुढे झाली, वाकली, आणि हात लांब करून हवेत, चौथ्या माणसाच्या छातीवर ठेवला.

"किती शांत दिसतात, आबा," ती म्हणाली. "काही त्रास झाला नसणार. डॉक्टरनं लिहिलंय तसंच. तुम्ही बघितलंत ना?"

"बघितलं," कॅप्टन म्हणाले, आणि त्यांनी चांगला डोळा मिटून घेतला.